घराला रंग देण्याआधी: डब्यात काय असतं, आणि कुठल्या भिंतीला काय चालतं

रंगाच्या दुकानात गेलं की आधी शेडकार्ड हातात येतं. घरातले सगळे त्यावर वाकतात, आकाशी की अबोली यात अर्धा तास जातो, आणि भिंत मातीची आहे की सिमेंटची, खालून ओल चढते का, छपाई (म्हणजे प्लास्टर) होऊन किती दिवस झाले, हे कुणी विचारतच नाही. रंग दोन वर्षं टिकणार की आठ, हे मात्र याच प्रश्नांवर ठरतं. शेड सगळ्यात शेवटी बघायची. आधी भिंत, मग रंगाची जात, मग हंगाम. हे ठरवायला डब्यात काय असतं आणि ते वाळतं कसं, एवढं कळलं तरी पुरे आहे.

डब्यात काय असतं

कोणताही रंग घ्या, त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: बाइंडर, पूड आणि पातळ करणारं द्रव्य. चौथी म्हणजे थोडीशी औषधं.

बाइंडर म्हणजे चिकटवणारा भाग. रंगाचे कण एकमेकांना आणि भिंतीला तोच धरून ठेवतो. इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या, पुसता येणाऱ्या रंगात, तो अॅक्रिलिकसारख्या प्लास्टिकचा असतो, ऑइल पेंटमध्ये तेलापासून बनवलेलं अल्किड रेझिन, सिमेंट पेंटमध्ये पांढरं सिमेंट आणि चुन्यात खुद्द चुना. डब्याच्या किमतीतला मोठा फरक इथूनच येतो.

पूड दोन प्रकारची असते. खरी रंगाची पूड म्हणजे पिगमेंट: पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, लाल-पिवळ्या-तपकिरीसाठी आयर्न ऑक्साइड (गेरू आणि पिवळी माती हे त्याचेच नैसर्गिक भाऊबंद), काळ्यासाठी कार्बन ब्लॅक, निळ्या-हिरव्यासाठी थॅलो जातीचे रंग. दुसरी म्हणजे भरती: खडूची पूड, शंखजिरं, चिनी माती. भरती स्वस्त असते आणि योग्य प्रमाणात ती रंगाला अंगही देते, म्हणून ती असणं म्हणजे भेसळ नव्हे. प्रमाण वाढलं की मात्र रंग कमजोर होतो.

झाकण्याची ताकद टायटॅनियममध्ये का असते, हे ओल्या रंगात दिसतं. साधा डिस्टेंपर (खडूची पूड जास्त असलेला स्वस्त पाण्याचा रंग) ओला असताना खालचे डाग दिसत राहतात, वाळला की झाकले जातात. खडूचा कण प्रकाश पाण्यापेक्षा थोडाच जास्त वळवतो, त्यामुळे ओलेपणी तो पारदर्शक वाटतो. पाणी उडून त्याच्याभोवती हवा आली की पांढरा दिसतो. टायटॅनियम प्रकाश खूप जास्त वळवतो, म्हणून तो ओला असो की वाळलेला, झाकतोच. नवखा माणूस ओल्या डिस्टेंपरला किंवा चुन्याला बघून घाबरतो आणि त्यावर लगेच जाड हात मारतो. तोच जाड थर पुढे पोपडा होऊन पडतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचं आणि मगच ठरवायचं.

पातळ करणारं द्रव्य म्हणजे पाण्याच्या रंगात पाणी, तेलाच्या रंगात टर्पेंटाइन. त्याचं काम रंग भिंतीपर्यंत पोचवण्याचं. मग ते उडून जातं. औषधांत बुरशीनाशक, फेस मारणारं, तेलाचा रंग लवकर वाळवणारं ड्रायर, अशा गोष्टी येतात. बाहेरच्या इमल्शनमध्ये शेवाळ आणि बुरशी रोखणारं औषध जास्त असतं, म्हणून बाहेरचा रंग आत मारून «जास्त मजबूत» करण्यात काही अर्थ नाही.

बाइंडर आणि पुडीचं प्रमाण समजलं की निम्मा विषय संपला. बाइंडर भरपूर आणि पूड कमी असली की वरचा थर गुळगुळीत बसतो, चमकतो, धुता येतो; हे इनॅमल, म्हणजे चकचकीत ऑइल पेंट. पूड वाढवत गेलं की चमक उतरते. एका मर्यादेच्या पुढे सगळ्या कणांमधली जागा भरायला बाइंडर पुरतच नाही, थरात बारीक पोकळ्या राहतात, आणि भिंतीवरून हात फिरवला की पांढरा होतो. स्वस्त डिस्टेंपर या मर्यादेच्या पलीकडचा असतो. त्याचा एक फायदाही आहे: पोकळ्यांतून भिंतीची वाफ बाहेर जाते. विदर्भातल्या जुन्या घरांत हा फायदा मोठा आहे.

वाळतो कसा, हे आधी विचारा

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो. त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. सिमेंट पेंटला तर पाणीच लागतं, तो वाळत नाही, पिकतो. इमल्शनमधलं पाणी उडतं आणि प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटून सलग पडदा होतो. हे चिकटणं फार थंडीत होत नाही आणि फार उन्हात अर्धवट राहतं. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतो. इपॉक्सी रंग दोन डब्यांत येतो, ते एकमेकांत मिसळल्यावर रासायनिक क्रियेने जमतो, त्याला हवा लागत नाही.

म्हणून सिमेंट पेंट भर उन्हात मारून तसाच सोडला तर तो पूड होऊन निघतो, आणि ऑइल पेंट बंद खोलीत जाड मारला तर आठवडाभर चिकट राहतो. दोष डब्याचा नसतो.

मातीच्या भिंती आणि चुना

मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर ऑइल पेंट किंवा चकचकीत इमल्शन मारलं की सोडायची वाट बंद होते. पहिल्या पावसाळ्यानंतर फुगे येतात, आणि फुगा फोडला तर रंगासोबत बोटभर मातीही हातात येते. अशा भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा, चुना, फार तर साधा डिस्टेंपर. पोताऱ्यात मातीच्या स्वतःच्या चिकटपणाशिवाय दुसरा बाइंडर नसतो, म्हणून तो कपड्यांना लागतो आणि दर दिवाळीला नव्याने द्यावा लागतो. चुन्याचं तसं नाही. नीट दिलेला चुना हाताला फारसा लागत नाही.

५ किलो कळीच्या चुन्याचं माप असं:

लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्या, साधारण १५ लिटर, आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका. उकळून अंगावर उडतं. प्लास्टिकची बादली या उष्णतेने वाकते. मुलं आणि जनावरं दूर, डोळ्यांवर चष्मा. डोळ्यात उडालाच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. पूर्ण २४ तास भिजू द्या. मग जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यातून गाळा आणि पाणी घालून एकूण २५ लिटरच्या आसपास आणा. सुमारे १०० ग्रॅम डिंक किंवा सरस गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळा. पांढरेपणा उठावा म्हणून १० ते १५ ग्रॅम नीळ पुरते. जास्त झाली तर भिंत आजारी दिसते.

चुन्यात रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती, आयर्न ऑक्साइड किंवा नीळच घ्या. चुना तीव्र अल्कधर्मी आहे, बाकी बरेच रंग त्यात उतरून जातात.

भिंतीच्या भेगा माती, शेण आणि कुटाराच्या गाऱ्याने आधी बुजवा आणि तो भाग पूर्ण वाळू द्या. चुना लावण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडा, कोरड्या भिंतीत चुन्याचं पाणी लगेच शोषलं जातं आणि तो पूड होतो. नव्या भिंतीला तीन हात, सगळे पातळ: एक उभा, एक आडवा, पुन्हा उभा. एका हातात झाकायचा प्रयत्न केला की काम बिघडलं.

चुन्यात मीठ घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि त्यामागे कारण आहे: मीठ ओल धरून ठेवतं, चुना सावकाश पिकतो. पण अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हे करू नका. तिथे भिंतीत मीठ आधीच भरपूर असतं.

सिमेंटच्या भिंती

आतल्या भिंतींसाठी डिस्टेंपर की इमल्शन, याचं उत्तर खोलीवर आहे. ज्या खोलीला वर्षा-दोन वर्षांनी रंग देणारच, छत, धान्याची खोली, तिथे अॅक्रिलिक डिस्टेंपर पुरे. बैठकीला आणि मुलांच्या खोलीला इमल्शन, कारण ते ओल्या फडक्याने पुसता येतं. स्वयंपाकघरात चूल असेल तर चुलीमागची भिंत चुन्याचीच ठेवा. धुरात आणि आचेत इमल्शन पिवळं पडून चिकट होतं. चुना दर सणाला हातभर मारून घेता येतो.

बाहेरून दोन पर्याय. सिमेंट पेंट, ज्याला गावात सरसकट «स्नोसेम» म्हणतात, आणि बाहेरचं इमल्शन. सिमेंट पेंट स्वस्त आहे, भिंतीला श्वास घेऊ देतो, पण त्याला दोन अटी आहेत. तो फक्त उघड्या सिमेंटवर किंवा जुन्या सिमेंट पेंटवर बसतो, डिस्टेंपर, इमल्शन किंवा पुट्टीवर (भिंत गुळगुळीत करायच्या लेपावर) नाही. आणि त्याला पाणी मारावं लागतं. १ किलो पुडीला अंदाजे १ लिटर पाणी: आधी अर्ध्या पाण्यात दाट लगदा करा, १० मिनिटं ठेवा, मग उरलेलं घाला. तासाभरात संपेल एवढाच कालवा. भिंत आधी ओली करा, पाणी ओघळू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन दिवस, दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा. शेतीचा फवारणी पंप यासाठी वापरू नका; कीटकनाशकाचा अंश त्यात राहतोच. नवी हातपिचकारी घ्या.

बाहेरच्या इमल्शनमध्ये शेड निवडताना इथलं ऊन लक्षात घ्या. गेरूकडची, मातकट पिवळी, राखाडी अशी आयर्न ऑक्साइडवर आधारलेली शेड वर्षानुवर्षं तशीच राहते. भडक लाल, लिंबू पिवळा, जांभळा हे दक्षिण आणि पश्चिम भिंतीवर आधी विटतात.

खालच्या पट्ट्याबद्दल

गावोगावी एक पद्धत पक्की बसली आहे: भिंतीच्या खालच्या तीन फुटांवर गडद ऑइल पेंटचा पट्टा. चिखल उडतो, मुलं हात लावतात, धुता येतो, असं त्याचं समर्थन. पण जमिनीतली ओल नेमकी याच तीन फुटांत चढते. जुन्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा डीपीसीचा थर नसतो. ओल वर येताना विरघळलेले क्षार घेऊन येते. पाणी उडतं, क्षार भिंतीच्या तोंडाशी राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढून छपाई आतून फोडतात. हाच लोणा. त्यावर ऑइल पेंट मारला की पाणी तिथून उडू शकत नाही, ते आणखी वर चढतं, आणि पुढच्या वर्षी लोणा तीनऐवजी चार फुटांवर दिसतो. शिवाय ओल्या सिमेंटचा अल्क तेलाच्या रंगाला खातो. तेल आणि अल्क मिळून साबण होतो, अक्षरशः. तो थर चिकट होतो, मग गळतो.

लोणा असेल तर ही वाट धरा: सैल छपाई खरवडा, पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून सुपड्यात गोळा करा आणि बाहेर टाका. धुवू नका, धुतलं की क्षार पुन्हा आत मुरतात. उन्हाळाभर तो भाग उघडा ठेवा. मग तिथे चुना. पट्टाच हवा असेल तर गेरू घातलेला चुना. ओलीचं मूळ, म्हणजे घराला लागून साचणारं पाणी, नाली, न्हाणीचं सांडपाणी, हे बंद केल्याशिवाय कोणताही «वॉटरप्रूफ» डबा उपयोगी पडत नाही.

लोखंड, टिन आणि लाकूड

फाटक, खिडकीचे गज, धान्याची कोठी: लोखंडाचं सगळं काम घासण्यात आहे. तारेचा ब्रश, मग ८० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसणं. वेल्डिंगच्या जागचा कचरा ठोकून काढा. त्याच दिवशी रेडऑक्साइड प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारा, कारण घासलेलं लोखंड रात्रीच्या दवाने पुन्हा गंजतं. रेडऑक्साइड गंज थांबवतो असा समज आहे. गंजावर मारला तर तो फक्त गंज झाकतो. आणि नुसता रेडऑक्साइड मारून फाटक महिनाभर तसंच उभं करू नका, त्याचा थर सच्छिद्र असतो, पाणी आत जातं. दोन-चार दिवसांत त्यावर इनॅमलचे दोन हात झाले पाहिजेत, मध्ये एक रात्र सोडून.

नवीन गॅल्व्हनाइज्ड टिनाला थेट ऑइल पेंट बसत नाही. जस्त आणि तेलाची क्रिया होऊन खालून साबणासारखा थर होतो आणि रंग पत्र्यासारखा सुटतो. एक पावसाळा जाऊ द्या, किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठीचा वेगळा एचिंग (etch) प्रायमर घ्या. जुन्या टिनाला रेडऑक्साइड आणि वर अॅल्युमिनियम पेंट चांगला. त्यातली पातळ चकती आडवी बसते आणि ऊन परत फेकते. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर कोरडे घासू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाणं धोक्याचं आहे. ओले करून मऊ ब्रशने धुवा, तेवढंच.

सागवान तेलकट असतं, त्यावर इनॅमल उशिरा वाळतं. आधी थिनरच्या फडक्याने पुसा. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, गाठींवर चपडा लाखेचा एक हात, मग वूड प्रायमर, फटी भरणं, घासणं आणि इनॅमल. बंडीचं जू, दांडे, अवजारांच्या मुठी यांना मात्र जवसाचं तेल उत्तम, आणि जवस इथलंच पीक. जवसाचं तेल स्वतः हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणूनच शेकडो वर्षं ते रंगाचा बाइंडर राहिलं. तीळ किंवा शेंगदाण्याचं तेल असं घट्ट होत नाही, लाकूड चिकटच राहतं. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन समभाग, पुढचे नुसत्या तेलाचे, दरवेळी जास्तीचं पुसून. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, दुकानातलं बॉइल्ड लवकर वाळतं.

यात एक धोका आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. वाळताना उष्णता निघते आणि ढिगात ती बाहेर जात नाही. कडब्याजवळ तर मुळीच नको. फडकी सुटी करून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हंगाम

दसऱ्यानंतर ते मार्चच्या मध्यापर्यंत, हा इथला रंगाचा काळ. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा इमल्शनचा पडदा नीट जमत नाही. सकाळी ९ नंतर सुरू करा आणि दुपारी ४ ला थांबा. ऑइल पेंटलाही संध्याकाळ वाईट. दव पडलं की चमक मरते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेल्यावर बाहेर काम करावंच लागलं तर सावलीमागे फिरा: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. तळहात भिंतीवर दहा सेकंद ठेवता आला नाही तर रंगही मारू नका. तापलेल्या भिंतीवर ब्रश ओढतानाच रंग सुकतो, जोडाचे पट्टे राहतात आणि थर कच्चा होतो. पावसाळ्यात बाहेरचं काम नाहीच.

नव्या भिंतीचं काम, क्रमाने

१. छपाईला किमान सात दिवस पाणी, आणि एकूण निदान २८ दिवस थांबा. दिवाळीच्या घाईत दहा दिवसांच्या छपाईवर मारलेला रंग होळीपर्यंत डाग दाखवतो. गोड्या पाण्याची सोय असेल तर छपाई आणि रंग दोन्हीला तेच वापरा.

२. ओल तपासा. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, २४ तासांनी आतून थेंब दिसले तर भिंत तयार नाही. अल्क तपासायला हळदीचं पाणी: पाव चमचा हळद थोड्या पिण्याच्या पाण्यात कालवून बोटाने छपाईवर लावा. पिवळीच राहिली तर चांगलं, विटकरी-लाल झाली तर अजून थांबा. ही परीक्षा पुट्टीच्या आधी करायची. पांढऱ्या सिमेंटची पुट्टीही हळदीला लाल करते.

३. वाळूचे कण १००-१२० नंबरच्या पेपरने किंवा विटेच्या तुकड्याने घासून काढा, धूळ झाडा.

४. भेगा. काळ्या मातीवरच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि भेग उघडझाप करते. मे महिन्यात ती सगळ्यात रुंद असते. तेव्हा सिमेंटने किंवा पुट्टीने घट्ट भरली तर ऑगस्टमध्ये भरणं दाबलं जाऊन बाहेर येतं. भेग इंग्रजी व्ही आकारात ५-६ मिमी खोल उघडा, लवचीक अॅक्रिलिक भरणं घाला आणि वर फायबरची जाळी. भेग वर्षागणिक वाढतच असेल तर रंगाऱ्याला नव्हे, बांधकामवाल्याला बोलवा.

५. पुट्टी, कारागिरांच्या भाषेत लांबी. पांढऱ्या सिमेंटची घ्या. खडूची पूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची ओलीत तग धरत नाही. भिंत थोडी ओली करा, १ किलोला ३५० ते ४०० मिली पाणी, दोन तासांत संपेल इतकीच. दोन पातळ हात, एकेक दीड मिमीपेक्षा जाड नको. बाहेर सगळीकडे पुट्टी लावण्याचा हट्ट सोडा, खड्डे भरले की झालं.

६. वाळल्यावर आधी १८०, मग ३२० नंबरचा पेपर. बल्ब भिंतीला चिकटून आडवा धरा, सगळे उंचवटे उघडे पडतात. नाकाला मास्क.

७. प्रायमरचा एक हात. हा वाचवायचा खर्च नाही. तो सैल धूळ बांधतो आणि भिंतीची तहान सगळीकडे सारखी करतो. प्रायमर नसेल तर महाग इमल्शनचा पहिला हात प्रायमरचंच काम करतो, आणि तेही वाईट.

८. रंगाचे दोन हात, मध्ये इमल्शनला ४ ते ६ तास, ऑइल पेंटला एक रात्र. इमल्शनमध्ये डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, साधारण १ लिटरला ३०० ते ४०० मिली; ऑइल पेंटमध्ये लिटरला ८० ते १०० मिली टर्पेंटाइन. घासलेट किंवा डिझेल घालू नका, ते पूर्ण उडत नाही आणि थर चिकट राहतो. पेट्रोल तर आगीला निमंत्रण. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता पूर्ण करा. जेवणाची सुट्टी कोपऱ्यावर.

सामानाचा हिशेब घरकुलाच्या १० × १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीवर करून बघू. भिंती २ × (१० + १२) × १० = ४४० चौरस फूट. ३ × ७ चा दरवाजा आणि ४ × ४ ची खिडकी वजा केली की ४०३. छत १२०. पुट्टी दोन हातांना किलोमागे अंदाजे १२ चौरस फूट धरली तर ३४ किलो, म्हणजे ४० किलोची एक बॅग. प्रायमर लिटरला १०० चौरस फूट धरून ४ लिटर. इमल्शन दोन हातांना लिटरला ६० धरलं तर पावणेसात लिटर: ४ लिटरचा एक डबा आणि १ लिटरचे तीन. छताला डिस्टेंपर अडीच किलो. एकाच शेडचे सगळे डबे आधी मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. वेगवेगळ्या बॅचची शेड किंचित वेगळी निघते आणि ती नेमकी भिंतीच्या मधोमध दिसते. मशीनवर बनवलेली शेड दुकानदार परत घेत नाही, हेही धरून चाला.

जुनी भिंत

जुन्या रंगाची पकड आधी तपासा. ब्लेडने छोटी फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीसोबत आला तर तो सगळा खरवडावाच लागेल, वरचा नवा रंग कितीही चांगला असो, तो जुन्याच्याच भरवशावर उभा राहणार. चुन्याच्या थरावर इमल्शन हवं असेल तर चुना पूर्ण खरवडून, धुऊन, प्रायमर मारूनच. ऑइल पेंटवर इमल्शन हवं असेल तर चमक मरेपर्यंत घासा. शेवाळ असेल तिथे १ भाग ब्लीचिंगचं द्रावण आणि ३ भाग पाणी लावा, अर्ध्या तासाने घासून धुवा आणि वाळू द्या. नुसतं घासलं तर मुळं राहतात आणि पहिल्याच पावसात काळे ओघळ परत दिसतात. ब्लीचिंगमध्ये अॅसिड किंवा फिनाइल मिसळू नका. अॅसिडशी विषारी वायू तयार होतो.

खूप जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांमधलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. ओला करून घासा, खरवडलेलं सगळं गोळा करा, आणि तिथे जनावर बांधू नका. गायी-म्हशींना रंगाचे पोपडे चाटायची सवय असते आणि शिशाने जनावर दगावतं. कोठ्यातल्या गव्हाणीला म्हणूनच चुनाच.

हा नियम घरगुती रंगांपुरता आहे. यंत्रांचे, वाहनांचे रंग त्यात येत नाहीत. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, पाळणा, खेळणी यांना ट्रॅक्टरच्या दुरुस्तीतून उरलेला रंग लावू नका. डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं घरगुती इनॅमल घ्या आणि मुलाच्या हातात देण्याआधी आठवडाभर वाळू द्या. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतानाही तोच डबा, आणि शिंगाच्या मुळाशी कातडीला थिनर लागू देऊ नका.

उरलेला रंग

पाणी घातलेला इमल्शन पुन्हा मूळ डब्यात ओतू नका. जीवाणूनाशक पातळ होतं आणि महिन्याभरात डबा कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. न मिसळलेला रंग डब्याच्या कडा पुसून, झाकण ठोकून, सावलीत ठेवा. ऑइल पेंटवर साय आली असेल तर ती न ढवळता कापून काढा आणि खालचा रंग फडक्यातून गाळून वापरा. सिमेंट पेंटचा उघडा डबा पावसाळ्यानंतर गुठळ्या झालेला असतो. गुठळ्या फोडून वापरू नका, तो आधीच पिकून गेलाय.

इमल्शनचे ब्रश लगेच पाण्याने धुवा, ऑइल पेंटचे आधी टर्पेंटाइनने आणि मग साबणाने. हे पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतायचं नाही. टर्पेंटाइन बाटलीत भरून ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ पुढच्या वेळी ब्रश धुवायला चालतं. त्या बाटलीवर ठळक लिहून ठेवा आणि ती पाण्याच्या बाटलीची नसावी.